रोज इंजिन (चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम) लावून माझे बुद्धिबळाचे डाव तपासतो, तरी त्याच चुका होतात. स्वतःच्या डावाचं विश्लेषण नेमकं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की डाव संपला की लगेच इंजिन लावता, चुकलेल्या चाली बघता आणि पुढच्या डावाला बसता. माझ्या मते अडचण तिथंच आहे. चाल चुकली एवढं इंजिन सांगतं. ती तुम्हाला बरोबर का वाटली होती, हे त्याला कुठून कळणार? ते फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि तेही डाव ताजा असेपर्यंतच. म्हणून मी आधी वही उघडते. जिथे अडखळले त्या चालीसमोर तेव्हा मनात काय होतं ते लिहिते, घड्याळात किती वेळ उरला होता तेही. इंजिन त्यानंतर.

एक उदाहरण देते. एका स्पर्धेत हत्तींची मारामारी होऊन पटावर दोन राजे आणि माझं एक प्यादं उरलं. माझा राजा डी३ वर, प्यादं ई२ वर, समोरच्याचा राजा डी६ वर, चाल माझी. मी प्यादं ई३ वर ढकललं. त्यानं राजा डी५ वर आणला आणि डाव बरोबरीत सुटला. घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की एका प्याद्यावर काय जिंकणार!

पण तो डाव जिंकलेला होता. आधी राजा ई४ वर न्यायचा. त्याचा राजा ई६ वर आला की मग प्यादं ई३ वर. आता राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल त्याची. त्याला बाजूला किंवा मागे सरकावंच लागतं आणि माझा राजा प्याद्याच्या पुढे घुसतो. प्यादं ई३ ही राखीव चाल मी आधीच उधळून बसले होते. इंजिननं ई३ चूक ठरवली, ते एका क्षणाचं काम. माझ्या वहीत मात्र लिहिलं होतं, ‘प्यादं लवकर पुढे न्यावं, वजीर होईल.’ मागचे डाव चाळले तर आणखी दोन ठिकाणी हेच वाक्य, वेगळ्या शब्दांत. एकदा तर भर मध्यडावात, कॅसलिंग करून कोपऱ्याकडे सुरक्षित नेलेल्या राजापुढचं प्यादं उगाच हलवताना. मला औषध हवं होतं ते या घाईवर. पुढचे दोन महिने मी राजा-प्याद्याचे अंत्यडाव तेवढे केले.

शक्य असेल तर डावानंतर प्रतिस्पर्ध्याबरोबर पट पुन्हा मांडा. तो कशाला घाबरला होता हे ऐकलं की डाव दुसऱ्या बाजूनं दिसतो. माजी जगज्जेते बोटविनिक तर खेळाडूंना आपलं विश्लेषण छापायला सांगत, म्हणजे त्यातल्या चुका लोक दाखवतील.

जिंकलेले डावही तपासा. त्यातल्या चुका सहज सुटतात, कारण समोरच्यानं त्याची शिक्षा दिलेली नसते. तीन मिनिटांच्या ब्लिट्झचे डाव मात्र वहीत घेऊ नका. तिथे विचारच झालेला नसतो, मग लिहिणार काय? आठवड्याला एक सावकाश खेळलेला डाव घ्या आणि त्याला निदान तासभर द्या.