फलक छापण्याआधी

प्रश्न : वर्षभरापूर्वी आम्ही संग्रहालयाचं तिकीट बंद केलं. गर्दी वाढली, पण शेजारच्या कामगार वस्तीतून कोणी फिरकत नाही. काय चुकतंय?

उत्तर : तिकीट बंद केलंत ते उत्तम, पुन्हा लावू नका. ब्रिटनची राष्ट्रीय संग्रहालयं डिसेंबर २००१मध्ये सर्वांसाठी मोफत झाली, तेव्हाही भेटी झपाट्याने वाढल्या. पण वाढीव गर्दीत भरणा मुख्यतः आधीपासून येणाऱ्या वर्गाचाच होता. खिशाचा अडसर दूर झाला तरी ‘तिथे आपलं काय आहे?’ हा प्रश्न उरतोच.

वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅनाकोस्टिया या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली एका जुन्या चित्रपटगृहात छोटं संग्रहालय सुरू झालं. तिथे येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात उंदरांचा विषय निघाला, तेव्हा संचालक जॉन किनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये उंदरांवरच प्रदर्शन भरवलं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण विषय वस्तीने दिला होता. तुम्हीही पुढचा विषय पक्का होण्याआधी वस्तीत जाऊन बसा. आणि वेळ दहा ते पाच असेल, तर दिवसपाळीच्या माणसाने यायचं कधी?

प्रश्न : एका आदिवासी समाजाच्या पूजेतल्या वस्तू आमच्या दालनात आहेत. समाजाचे लोक म्हणतात, त्या लोकांसमोर ठेवू नका. मग प्रेक्षकांना काय सांगायचं?

उत्तर : खरं तेच सांगा. वस्तू काढा आणि रिकाम्या काचपेटीत चार ओळी लावा : ‘ही वस्तू ज्यांची आहे, त्यांच्या सांगण्यावरून ती इथून हलवली आहे.’ लोक हिरमुसत नाहीत, थांबून वाचतात.

अमेरिकेत मूलनिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा १९९०चा. जानेवारी २०२४मध्ये त्याचे नवे नियम लागू झाले आणि अशा वस्तू मांडण्याआधी संबंधित समाजाची संमती घेणं बंधनकारक झालं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने त्याच महिन्यात आपली दोन दालनं बंद केली. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, आवक नोंदवही उघडा. वस्तूपुढे ‘भेट’ लिहिलेलं असेल, तर ती देणाऱ्याला त्या वेळी नाही म्हणता आलं असतं का, हे तपासा. उत्तर अवघड आलं, तर ती परत देण्याचं बोलणं तुम्हीच सुरू करा. त्यांनी अर्ज करण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : अंध प्रेक्षकांसाठी ब्रेल फलक लावले, तेवढं पुरे?

उत्तर : नाही. सगळ्याच अंध व्यक्ती ब्रेल वाचत नाहीत. हाताळता येतील अशा प्रतिकृती ठेवा, बोलून वर्णन करणारा माणूस ठेवा. इटलीत अंकोना इथलं ओमेरो संग्रहालय तर शिल्पं हातांनी पाहण्यासाठीच उभारलं आहे.

प्रश्न : वस्तूंची माहिती देणाऱ्या गावातल्या वयस्कर मंडळींना मानधन द्यावं का? व्यवस्थापन म्हणतं, ती हौसेने येतात.

उत्तर : द्यावं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला व्याख्यानाचे पैसे देताना त्याची हौस कोणी विचारत नाही.

मी काम करत असलेल्या एका संग्रहालयात फणीसारखी लाकडी वस्तू होती. फलकावर लिहिलेलं : ‘वापर अज्ञात’. एक म्हातारी बाई काचेला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली, ‘अगं, ही तर मागावरची. विणताना आडवा धागा हिने ठोकून बसवायचा.’ मग म्हणाली, ‘दात बघ, एकाच बाजूने झिजलेत. विणणारी डावखुरी असणार.’ आम्ही वस्तूची लांबी, रुंदी, वजन सगळं नोंदवलं होतं. दात कोणाच्या नजरेला आले नव्हते.

नवा फलक छापण्याआधी आम्ही तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन शब्द बदलायला लावले. खाली त्यांचं नाव घातलं. पैसे मात्र दिले नाहीत, कारण हिशेबाच्या वहीत अशा खर्चाला रकानाच नव्हता, आणि मीही तेव्हा तो मागितला नाही. तुम्ही या वर्षीच्या अंदाजपत्रकात तो आधी मागून घ्या.