इंदूरमध्ये ४ लाखांत जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी का?

घ्या, पण गाडीचं रूप नंतर, गिअरबॉक्स आधी बघा. १.२ टर्बो आणि १०५ पीएसचं इंजिन झकास आहे. खरा खर्च काढतो तो ७ स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गिअर बदलणाऱ्या मेकाट्रॉनिक युनिटमध्ये तेलाचा दाब साठवणारा प्रेशर अ‍ॅक्युम्युलेटर बसतो तिथलं धातूचं कवच तडकतं, तेल गळून दाब पडतो आणि गिअर पडेनासे होतात. स्कॅनरवर पी१७बीएफ (P17BF) हा बिघाडाचा कोड दिसला तर सरळ परत फिरा.

सकाळी इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. मग राजवाड्याच्या गर्दीत अर्धा तास रांगत चालवा. गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर आली, किंवा आर (रिव्हर्स) मधून डी (ड्राइव्ह) टाकताना गाडी अडखळली, तर क्लच संपत आलेत. स्कॅन विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या मेकॅनिककडून करा. गाडी पसंत पडली तरी लाखभर रुपये बाजूला ठेवाच.

पुण्याची एमएच पासिंग गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब करा. गाडीवर आधीचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म) आधी हातात घ्या.

एवढी धास्ती नको असेल तर जुनी बलेनो आरएस बघा: १.० टर्बो, मॅन्युअल गिअर, चारही चाकांना डिस्क.