कोच व्हायचंय? आधी चुना टाकायला शिक

प्रश्न : सर नमस्कार, मी ग्वाल्हेरला लश्करमध्ये राहतो, एम.पी.एड.चं (शारीरिक शिक्षणातली मास्टर्स) शेवटचं वर्ष चालू आहे, कॉलेजकडून १५०० मीटर आणि क्रॉस कंट्री (ट्रॅकऐवजी कच्च्या वाटेने, लांब) पळायचो. मला कॉलेजमध्ये धावण्याचा कोच व्हायचंय. बाबा म्हणतात हा काही धंदा नाही, बँकेचे फॉर्म भर. माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकतो, तो सांगतो तिकडे कॉलेजच्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्रीच्या कोचला पूर्ण वेळ पगार असतो. आपल्याकडे असं काही आहे का, आणि तुम्ही परत तरुण झालात तर हेच कराल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, हो करेन, पण पहिल्या वर्षी जे केलं ते नाही करणार. त्यावर पुढे येतो.

आता बाबांचं. ते अगदीच चूक नाहीत रे. आपल्या कॉलेजांत "धावण्याचा कोच" अशी पोस्ट जवळजवळ नसतेच. असतो तो क्रीडा अधिकारी, म्हणजे खो-खो, कबड्डी, बुद्धिबळ, बॅडमिंटनची नेट फाटली तर ती सुद्धा, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. मध्य प्रदेशात सरकारी कॉलेजची ही पोस्ट एमपीपीएससीतून, म्हणजे राज्याच्या लोकसेवा आयोगातून भरतात, ५५ टक्क्यांनी एम.पी.एड. पाहिजे, नेट (बॅडमिंटनची नाही, प्राध्यापकीची परीक्षा) किंवा पीएच.डी. पाहिजे, आणि यूजीसीच्या नियमात एक फिटनेस टेस्टही आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर. तू १५०० पळणारा, तुझं ते गप्पा मारत होईल, पण माझ्याबरोबरचे दोघे तिथेच बसले होते, पोटामुळे. ज्याला खरंच कोचच व्हायचंय त्याचा रस्ता वेगळा, पतियाळाच्या एनआयएसचा एक वर्षाचा डिप्लोमा (राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ची), आणि मग साई (केंद्राचं क्रीडा प्राधिकरण), रेल्वे, आर्मी, अकादम्या. एम.पी.एड.ने शिक्षक होतोस, एनआयएसने कोच, आणि कॉलेजवाल्यांना दोन्ही पाहिजे असतं पण पगार एकाचाच द्यायचा असतो. तू ग्वाल्हेरचा, घराजवळ एलएनआयपीई आहे, शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था, १९५७ला अठराशे सत्तावन्नच्या लढ्याला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं. तिथल्या ट्रॅकवर सकाळी नुसतं जाऊन कडेला उभा राहिलास आणि दुसरे कोच काय बघतात ते बघितलंस तरी सहा महिन्यांत खूप शिकशील.

अमेरिकेचं मावसभाऊ खरं सांगतोय पण अर्धं. तिकडे एकच कोच तीन सीझन सांभाळतो, पानगळीत क्रॉस कंट्री, हिवाळ्यात इनडोअर, वसंतात आउटडोअर, म्हणजे वर्षभर सुट्टी नाही. आणि त्याचा निम्मा वेळ ट्रॅकवर जात नाही, शाळेतल्या पोरांना फोन करण्यात जातो, घरी जाऊन आईबापांना पटवण्यात जातो. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे तिकडच्या कॉलेज स्पर्धांच्या सगळ्यात वरच्या गटात, बरीच वर्षं नियम असा होता की मुलांच्या अख्ख्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्री टीमला मिळून १२.६ स्कॉलरशिप. बारा पॉइंट सहा! मग कोच बसून तुकडे करणार, ह्याला अर्धी, त्याला पाव, भालाफेकवाल्याला चहापुरती. आर्कान्साचे जॉन मॅकडॉनेल, मूळचे आयर्लंडच्या शेतकरी घरातले, त्यांनी १९७२ ते २००८ एकाच युनिव्हर्सिटीत काढली आणि ४० राष्ट्रीय टायटल्स घेतली. असा माणूस एखादा. बाकीचे छोट्या कॉलेजात पार्ट टाइम करतात आणि दुसरी नोकरी करतात, आपल्यासारखंच.

तरी तिकडची एक गोष्ट मला फार आवडते, क्रॉस कंट्रीचं टीम स्कोरिंग. सात पळतात, पहिल्या पाचांचे नंबर मोजतात, बेरीज सगळ्यात कमी त्यांची टीम जिंकली, म्हणजे एक ते पाच सगळे तुमचेच आले तर १५, यापेक्षा चांगलं होऊच शकत नाही. ह्याचा अर्थ कळतोय का, तुमचा हिरो पहिला आला तरी पाचवा पोरगा कुठे आला ह्यावर सगळं ठरतं. मी कोच म्हणून हयातभर पाचव्या पोरालाच शोधत राहिलो. पहिला तर देवच पाठवतो.

आता ते पहिलं वर्ष. नवीन नोकरी, नवीन ट्रॅकसूट, आणि मला एका सीझनमध्ये चॅम्पियन काढायचा होता. एक पोरगा होता, मुरारहून सायकलवर यायचा, डिसेंबर-जानेवारीचं ते आपल्याकडचं धुकं, समोर ठेवलेला खुणेचा प्लॅस्टिकचा कोन दिसत नाही आणि मी शिट्टी घेऊन उभा. आठवड्यातले चार दिवस ४०० मीटरचे वीस-वीस रेपिटेशन, मध्ये जेमतेम एक मिनिट विश्रांती. पोरगा पळायचा कारण सरांनी सांगितलं. मग म्हणायला लागला, सर पिंडली में दर्द है. मी म्हटलं नाटक मत कर. तीन आठवड्यांनी इंटर-कॉलेजच्या रेसमध्ये आठव्या किलोमीटरला खाली बसला. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टरने अंगठ्याने एका जागी दाबलं, एका रुपयाएवढी जागा, आणि पोरगा ओरडला. पूर्ण नडगीभर दुखत असेल तर बहुतेक स्नायूचं, पण एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं तेव्हा पळणं बंद आणि आधी डॉक्टर. हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. तो परत पळाला नाही फारसा, आता त्याचं दुकान आहे, भेटला की पाया पडतो आणि मला कुठे तोंड लपवू असं होतं.

त्यानंतर माझ्या वहीत एक दिवस जोरात तर दुसरा हलका. ही माझी अक्कल नाही, अमेरिकेतल्या ऑरेगनच्या बिल बॉवरमननी कॉलेजच्या पोरांवर हेच वर्षानुवर्षं केलं (हेच ते, ज्यांनी बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून बुटाचा सोल केला). आणि आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ला जातो, तेव्हा सकाळी साडेपाचला संपवायचं, सातला नाही.

खो-खो कबड्डीची कामं आली म्हणून नाक मुरडू नकोस. ललिता बाबर, साताऱ्याची, शाळेत खो-खोच खेळायची, नंतर २०१६ला रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची शर्यत) फायनलमध्ये दहावी आली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे आर्मीत गेल्यावर क्रॉस कंट्रीतून वर आला, २०२२च्या कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसमध्येच त्याचं गोल्ड ०.०५ सेकंदाने गेलं. अशी पोरं अर्ज घेऊन कोचकडे येत नाहीत, दुसऱ्याच कुठल्या खेळात दमता दमत नाहीत तेव्हा दिसतात.

बाबांना एवढं सांग की पीएससी आणि नेटचा अभ्यास चालू आहे, एनआयएसचा फॉर्मही भरतोय. आणि पुढच्या रविवारी त्यांना घेऊन मैदानावर ये, चुन्याची पोती उचलायला माणूस लागतोच. पहाटे चारला दोरी धरून ट्रॅकवर चुन्याची लाइन मारायची, दहावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स, टीए-डीएची (प्रवास आणि जेवणखर्चाची) बिलं, जनरलच्या डब्यात बारा पोरं आणि एक पुरीभाजीचा डबा, नोकरी ही आहे. सकाळी सहा ते आठ या वेळात पोरं पळवतोस ते तुझं स्वतःचं. तेवढ्या दोन तासांसाठी बाकीचं झेपत असेल तर ये.

प्रश्न : मी एका कॉलेजात कंत्राटी कोच आहे. माझी बी.एस्सी.ची एक मुलगी आधी चांगली पळायची, आता दोन महिने प्रत्येक रेसमध्ये मागे पडते आणि दमते. ट्रेनिंग वाढवू का?

उत्तर : अजिबात नाही! आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर उत्तर तिथेच आहे, आणि फेरिटिन पण करायला सांगा कारण लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर पडतं. जेवणाबरोबर चहा घेते का बघा, आपल्या घरांत घेतातच, तो लोह अंगी लागू देत नाही. गोळ्या मात्र डॉक्टरला विचारूनच. पाळी बंद झाली असेल तर बहुतेक खाणं कमी पडतंय, हाडांवर जाईल, पण हे तुम्ही स्वतः विचारू नका, मॅडमना किंवा तिच्या आईला विचारायला सांगा.

प्रश्न : कोचला स्वतः पळता यायला हवं का?

उत्तर : पोरांच्या बरोबरीने नाही. सायकल मात्र चांगली हवी, मागे पाण्याचा कॅन बांधता येईल असं कॅरियर असलेली.