कार्बन सायकलच्या आधी यवतेश्वरचा घाट

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे. जिल्ह्यातल्या दोन सायकल स्पर्धा जिंकला. आता टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचारसारखं व्हायचं म्हणून कॉलेज सोडायला निघालाय आणि तीन लाखांची कार्बन सायकल मागतोय. वजन कमी करायला रात्रीची भाकरीही बंद केलीय. यात पोट भरतं का?
– एक वडील, सातारा

उत्तर: नमस्कार. आधी भाकरीचं बोलू. ती आजच रात्री ताटात वाढा. धावणाऱ्याच्या हाडांना आघातानं बळकटी येते. सायकलपटूचा भार सीटवर असतो, त्यामुळे हाडं विरळ व्हायचा धोका मुळातच जास्त. त्यात वाढीच्या वयात पोट मारलं, की एका पडण्यात कॉलर बोन जातं. आठवड्यातून दोनदा दोरीच्या उड्या मारू द्या. दोन तासांपेक्षा लांब राइड असेल तर ताशी 60 ग्रॅम कर्बोदकं हवीत: दोन मध्यम केळी, शिवाय बाटलीत दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ.

तीन लाख सध्या बँकेतच राहू द्या. वीस मिनिटांच्या चढावर सायकल दीड किलोनं हलकी झाली, तर जेमतेम अर्धं मिनिट वाचतं. चांगली ॲल्युमिनियमची रोडबाइक पुरते. मागे 11-32 ची कॅसेट (मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा संच; सर्वांत मोठीला 32 दाते, म्हणजे चढावर हलका गिअर) मात्र हवीच. जड गिअर रेटत घाट चढणाऱ्या पोरांचे गुडघे लवकर कुरकुरतात. पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर.

मग त्याचा दम मोजा. पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र, उसना आणा. कासला जाणाऱ्या गाड्या सुरू व्हायच्या आत, पहाटे यवतेश्वरच्या घाटात वीस मिनिटं पूर्ण ताकदीनं चढू द्या. सरासरी वॅट गुणिले 0.95, भागिले वजन. 56 किलोच्या मुलानं 240 वॅट काढले तर किलोमागे 4 वॅट. सोळाव्या वर्षी हा आकडा आशादायक आहे. जगातले अव्वल घाटवीर 6 च्या पुढे असतात. पोरं पहिल्या तीन मिनिटांतच जीव काढतात आणि पुढे आकडा कोसळतो, ते टाळा. घरातून थंडीत बाहेर पडल्यावर मीटर झिरो करायलाही विसरू नका. तीन महिन्यांत तीन चाचण्या घ्या. आकडा चढतोय का, ते महत्त्वाचं.

आता पोटाचं. वर्ल्डटूरमध्ये (व्यावसायिक सायकलिंगची सर्वांत वरची पातळी) पुरुषांचे 18 संघ, म्हणजे साधारण पाचशे जण. त्यांना किमान पगाराची हमी असते. खालच्या कॉन्टिनेन्टल संघांना यूसीआयनं (जागतिक सायकलिंग संघटनेनं) तशी अटच घातलेली नाही. 2022 आणि 2023 ची टूर द फ्रान्स जिंकणारा योनास विंगेगार्ड त्या पातळीवर असताना डेन्मार्कमध्ये सकाळी मासळीच्या कारखान्यात काम करायचा. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच तर विशी ओलांडेपर्यंत स्की जंपिंग करत होता. पुढे चार वेळा स्पेनची व्हुएल्टा शर्यत जिंकला. तेव्हा सोळाव्या वर्षी कॉलेज सोडण्याची घाई कशाला? या वयाला आठवड्याचे दहा-बारा तास सराव पुरतो, तो बारावी सांभाळून होतो.

आपल्या मुलांना खरी कमी पडते ती घोळक्यात चालवण्याची सवय: पुढच्या चाकाच्या फूटभर मागे, कोपराला कोपर लागत, वळणावर ब्रेक न दाबता. एकट्यानं कासला जाऊन हे येत नाही. साचवलेला पैसा राज्य निवड चाचणी आणि राष्ट्रीय रोड स्पर्धांच्या प्रवासावर घाला. 17-18 वयाचा ज्युनियर गट त्याच्यासमोर आहेच. ठरावीक पातळीवरचं पदक मिळालं तर राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सेनादलाचे संघही आहेत.

तिन्ही चाचण्यांचे वॅट, वजन आणि तारखा वहीत लिहून पाठवा. सायकलचं तेव्हा ठरवू.