वाचकांचे प्रश्न : मासुंद्याच्या काठावरून, कॅमेऱ्यासह

प्रश्न : मी पस्तीस वर्षे नौपाड्यात राहते. निवृत्तीनंतर छायाचित्रणाचा छंद लागला आणि गेल्या वर्षी गोव्याला जाऊन तेथील चर्चची भरपूर छायाचित्रे काढली. ती पाहून नातीने विचारले, ‘‘आजी, आपल्या ठाण्यातल्या चर्चचा फोटो कुठे आहे?’’ मला उत्तर देता आले नाही. एखाद्या सकाळी पायी फिरून जुने ठाणे टिपायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी? – एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा

उत्तर : नातीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर आहे. रहदारी वाढण्यापूर्वी मासुंदा तलावाच्या काठावर, म्हणजे आपल्या रोजच्या तलावपाळीवर, जाऊन उभे राहावे आणि कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी तलावाला एक पूर्ण फेरी मारावी. या एका पाण्याभोवती दोन राजवटी समोरासमोर उभ्या आहेत. सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चची परंपरा पोर्तुगीज अमदानीतली आहे. कौपिनेश्वराचे स्थान त्याहून पुष्कळ जुने असले, तरी आजच्या मंदिराची उभारणी मराठ्यांनी ठाणे जिंकल्यानंतरची, १७६० च्या सुमाराची असून ती सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केली. १५३४ च्या तहाने वसईसह हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले. दोन शतकांचे हे अंतर आपण तलावपाळीवर काही मिनिटांत चालून जातो.

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो, असे आपण सहज धरून चालतो. तो त्यांच्याही दोनशे वर्षे मागे जातो. १३२१ मध्ये टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रिअस हे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चौघे ठाण्यात मारले गेले. त्यानंतर काही काळाने ओदोरिक नावाचा त्यांचाच एक पंथबंधू येथे आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत गेला. चर्चच्या आवारात उभे राहून हे आठवले की समोरची वास्तू जुनी वाटण्याऐवजी अलीकडची वाटू लागते, आणि छायाचित्र काढणाऱ्याचा हात थोडा थबकतो. तसा तो थबकावा अशीच माझी इच्छा आहे, कारण पहिल्या दहा मिनिटांत घाईने काढलेली चित्रे बहुधा सर्वांची सारखीच येतात.

पुढे टेंभी नाक्याकडे चालत जावे. तेथे बेने इस्रायली या ज्यू समाजाचे १८७९ मध्ये बांधलेले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. त्याचे ‘शार हशामाइम’ हे नाव हिब्रू असून त्याचा अर्थ ‘स्वर्गाचे दार’ असा होतो. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, तोच हा समाज. त्यांची घरची भाषा मराठीच आहे. जवळच पारशी अग्यारी आहे. एकाच नाक्याच्या परिसरात इतकी प्रार्थनास्थळे असणे हे मला या शहराचे फार मोठे वैभव वाटते, आणि नवरात्रातील गर्दीपलीकडे टेंभी नाका अनेक ठाणेकरांना ठाऊक नसतो याचे वाईटही वाटते.

त्यानंतर जुन्या सरकारी कचेऱ्यांच्या भागात सेंट जेम्स चर्च आहे. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ मध्ये ठाण्यास येऊन या इंग्रजी चर्चचे विधिपूर्वक उद्घाटन केले. याच हेबरसाहेबांनी आपल्या प्रवासवृत्तांतात ठाण्याच्या किल्ल्यातील, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहातील, एक हकिकत लिहून ठेवली आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तेथे कैदेत असताना बाहेर घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार मराठी गाणे गुणगुणत असे. इंग्रज पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही कळत नव्हते, आणि सुटकेचा सारा बेत त्या गाण्यातच गुंफलेला होता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटले. सेंट जेम्सचे चित्र काढताना ही हकिकत मनात असू द्यावी. कारागृहाकडे मात्र कॅमेरा वळवू नये, तेथे छायाचित्रणास मनाई आहे.

एवढे सारे एका सकाळी होईल. पण होते म्हणून करू नये, असा माझा आग्रह आहे. पहिल्या सकाळी केवळ तलाव आणि सेंट जॉन, एवढेच पुरे.

प्रश्न : माझ्याकडे केवळ मोबाइल आहे. चर्चचे चित्र काढले की इमारत मागे कललेली दिसते, आतले चित्र काळवंडते आणि थडग्यांच्या दगडांवरील अक्षरे अजिबात उठत नाहीत. यासाठी महागडा कॅमेरा घ्यावाच लागेल का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कळवा

उत्तर : घ्यावा लागणार नाही. इमारत मागे कलते, कारण उंच दर्शनी भाग चौकटीत बसवण्यासाठी आपण मोबाइल वर कलता धरतो. कॅमेऱ्यातील जाळीच्या रेषा चालू कराव्यात, मोबाइल भिंतीला समांतर धरावा आणि जमेल तितके मागे जावे. अगदी जवळ उभे राहून अर्ध्या पटीचे (०.५x) रुंद भिंग वापरण्यापेक्षा समोरच्या पदपथावरून दुप्पट (२x) भिंग वापरलेले केव्हाही चांगले. खालचा रस्ता नको इतका येत असेल, तर तो नंतर कापता येतो. चर्चची वेदी परंपरेने पूर्वेस आणि दर्शनी भाग पश्चिमेस असतो. ज्या वास्तूत ही परंपरा पाळलेली असेल, तिचे तोंड सकाळी सावलीत आणि दुपारनंतर उजेडात येते. या परंपरेला अपवाद पुष्कळ आहेत, म्हणून पहिल्या भेटीत दिशा पाहून वहीत लिहून ठेवावी आणि दुसरी भेट त्या उजेडाच्या वेळी ठरवावी.

आतल्या भागात खिडकी फार उजळ आणि भिंती फार गडद असतात. दोन्ही एकाच वेळी साधण्याचा प्रयत्न केला की दोन्ही बिघडतात. आपल्याला काय दाखवायचे आहे ते आधी ठरवावे, पडद्यावर त्याच भागाला बोट लावावे, उजेड हाताने थोडा कमी करावा आणि मोबाइल बाकाच्या पाठीवर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावावा. फ्लॅश वापरू नये.

थडग्यांवरील अक्षरांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण या बाबतीत हौशी मंडळींकडून नकळत हानी होते. झिजलेली अक्षरे दिसावीत म्हणून दगडावर खडू घासणे, पीठ किंवा भस्म चोळणे, काटकीने शेवाळ खरवडणे, यांपैकी काहीही करू नये. अक्षरे रंगाने नव्हे, तर सावलीने वाचता येतात. एका मित्राला दगडाच्या कडेशी बसवून विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरायला सांगावी, आपल्या अंगाची सावली बाकीच्या उजेडावर पाडावी आणि मित्राने विजेरी हळूहळू एका कडेवरून दुसऱ्या कडेकडे न्यावी. नुसता करडा वाटणारा दगड एका क्षणी बोलू लागतो: आधी एखाद्या आकड्याची कड, मग नावातला एखादा वेलांटीदार फाटा, मग सबंध ओळ. मी एकदा असेच बसलो असताना एका लहान दगडावरील वयाचा आकडा वाचता आला. तो महिन्यांत लिहिलेला होता. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

प्रश्न : एका प्रार्थनास्थळाबाहेर रस्त्यावरून छायाचित्र काढताना तेथील रखवालदाराने मला सर्वांसमोर खडसावले. रस्ता सार्वजनिक असताना असे अडवणे योग्य आहे का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपला अपमान झाला, ही गोष्ट मी कमी लेखत नाही, रखवालदाराला सौम्य शब्दांत सांगता आले असते. तरीही काही ठिकाणी, विशेषतः सिनेगॉगच्या बाबतीत, सुरक्षेची काळजी खरोखरीची असते, हे लक्षात घ्यावे. तेथे आगाऊ विचारूनच जावे. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो आणि त्याचा मान राखावा. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना कॅमेरा बाहेर काढू नये, धर्मगुरूंना किंवा कार्यालयात आपला हेतू सांगावा, आणि प्रार्थनेला बसलेल्या व्यक्तीचा चेहरा तिच्या संमतीवाचून टिपू नये. रस्ता सार्वजनिक असला, तरी गुडघे टेकून बसलेल्या माणसाचे दुःख सार्वजनिक होत नाही. माझा अनुभव असा आहे की पहिल्या भेटीत नुसते बोलून परत आलेल्या माणसासाठी दुसऱ्या भेटीत बंद खोलीची चावीही निघते.

प्रश्न : अशा फेरीसाठी कोणता ऋतू चांगला? – एक वाचक, वाशी

उत्तर : सर्वजण हिवाळा सांगतील. मी श्रावण सांगेन. ढगाळ उजेडात चुन्याच्या भिंतींचा पोत उत्तम येतो आणि जुन्या दगडांचा रंग ओलाव्याने गडद होतो. छत्री मोठी घ्यावी.

प्रश्न : खारकर आळीतील आमचे जुने घर पुनर्विकासासाठी पाडले गेले. माझ्याकडे त्याची सुमारे दोनशे छायाचित्रे आहेत. ओट्याजवळ भिंतीत बसवलेली एक अक्षरांची पाटीही त्यांत दिसते. या चित्रांचे पुढे काय करावे? – एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : दोनशे चित्रांतून वीस निवडावीत आणि त्या विसांची नीट नोंद करावी. मोबाइलमधील चित्राला तारीख असते, परंतु कोणती खिडकी कोणत्या दिशेची, जिना कोणत्या लाकडाचा, न्हाणीघर पुढे केव्हा वाढवले, हे चित्राला ठाऊक नसते. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या शहराची जी वर्णने आहेत, ती आजही उपयोगी पडतात, याचे कारण लिहिणाऱ्यांनी मोजमापे, नावे आणि वर्षे टिपली. आपली नोंद त्याच जातीची असावी. पाडलेल्या घराच्या आजूबाजूचेही काही टिपलेले असेल, तर ते टाकून देऊ नये. साष्टीच्या गावठाणांत रस्त्याच्या कडेला जे क्रूस दिसतात, ज्यांना ईस्ट इंडियन मंडळी, म्हणजे या भागातील मूळचे ख्रिस्ती, खुरूस म्हणतात, त्यांपैकी अनेक १८९६ च्या प्लेगनंतर उभारले गेले. त्यांच्या चौथऱ्यावर ओघळून थिजलेले मेण आणि सुकलेली झेंडूची माळ कोणी मुद्दाम टिपत नाही, ती बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी चित्रात मागे येऊन राहिलेली असते. रस्ता रुंद झाला की तेवढाच पुरावा उरतो.

निवडलेल्या विसांच्या कागदावर प्रती काढून घ्याव्यात, मागील बाजूस मऊ पेन्सिलीने लिहावे आणि मूळ चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावीत. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या घराजवळच आहे. स्थानिक इतिहासाची पुस्तके तेथे चाळून आपल्या आळीचा उल्लेख सापडतो का, तेही पाहावे. मात्र ग्रंथालयाआधी घरातील वडीलधाऱ्यांकडे जावे. ती पाटी कोणी बसवली, अक्षरे कोणी कोरली आणि त्या ओट्यावर संध्याकाळी कोण कोण बसत असे, हे त्यांना याच आठवड्यात, चित्र हातात देऊन विचारावे, आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.