आजोबांच्या ट्रंकेत काडतुसांचा चामडी पट्टा सापडला. पाच खिसे आहेत, हात लावला की बोटांना विटकरी भुकटी लागते. आजोबा परळच्या जीआयपी रेल्वे वर्कशॉपात होते, म्हणजे ते रेल्वेच्या व्हॉलंटियर पलटणीत असतील का? आणि पट्टा तेल लावून चकचकीत करू का?

तेल अजिबात लावू नका. ती चूक मी करून बसलोय. चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर घेतलेल्या माझ्या पहिल्या पट्ट्याला मी घरी आणून प्रेमाने खोबरेल चोळलं. जुलैत कपाट उघडलं तर वर पांढरी बुरशी, हात लावावा तर चिकट, आणि पितळी बटणांभोवती हिरवं मेण. आई बघून म्हणाली, "कळंकलाय की हा!" खरंच तसंच असतं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवल्यासारखं, चामड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं एकत्र आलं की हा कळंक धरतो. टूथपिकने हळूहळू खरवडला की निघतो. ब्रासोसारखं पितळेचं पॉलिश मात्र नको, त्याची पांढरी पूड शिवणीत बसते ती बसतेच.

पाच खिसे आहेत म्हणता, म्हणजे हा बहुधा १९०३ च्या नमुन्याचा ब्रिटिश बँडोलियर, म्हणजे खांद्यावरून आडवा घालायचा काडतुसांचा पट्टा. एका खिशात थ्री नॉट थ्री रायफलीच्या पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा, म्हणजे पट्ट्यात ५० गोळ्या. घोडदळाच्या पट्ट्याला नऊ खिसे असत. (खिशांऐवजी सुटी काडतुसं खोचायच्या गोल पट्ट्या असत्या आणि त्यांत अंगठा सहज गेला असता, तर मी सरळ बारा बोअरच्या शिकारी बंदुकीचा पट्टा म्हटलं असतं. बाजारात 'मिलिटरीचा' म्हणून तेच गळ्यात मारतात.) झाकणं उलटून बघा. बाणाची खूण आणि खाली इंग्रजी 'आय' दिसला, तर माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर लष्कराने तो विकून टाकलेला.

आजोबा परळच्या जीआयपी वर्कशॉपात होते म्हणून रेल्वेच्या व्हॉलंटियर पलटणीत असतील, हे मात्र पटत नाही. त्या पलटणी गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या. १९२० मध्ये त्यांची ऑक्झिलियरी फोर्स ही राखीव फौज झाली, तेव्हाही आपल्या लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स नावाची फौज वेगळीच काढली. एखाद्या साहेबाने जाताना दिला असेल, नाहीतर जुन्या बाजारातून आला असेल.

बोटांना विटकरी भुकटी लागते, ती घाण नव्हे. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं शहरातली गंधकाची हवा शोषून आतून कुजतं, त्याची ती पूड. गेलेलं परत येत नाही. पट्टा वाकवू नका, खिशांत पांढरा कागद भरा, धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईचा एक पावसाळासुद्धा निघायचा नाही.

आणि हो, कागद भरण्याआधी खिसे नीट चाचपा. जिवंत काडतूस विनापरवाना घरात असणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. सापडलंच तर हाताळत बसू नका, पोलीस ठाण्याला कळवा.

फोटो टाकणार असाल तर झाकणाच्या आतल्या बाजूचा टाका. बाहेरून सगळे सारखेच दिसतात.