आबाळ की आभाळ?

प्रश्न सोलापूरच्या एका शिक्षिकाबाईंचा आहे. माधव ज्यूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’ शिकवताना ‘नाही जगात झाली आबाळ या जिवाची’ या ओळीत काही मुलांनी ‘आभाळ’ असा अर्थ घेतला. आबाळ म्हणजे नेमकं काय, आणि ते मुलांपर्यंत कसं पोचवायचं?

बाई, मुलांचा कान चोख आहे. आपल्याकडं खेड्यात ‘आबाळ आलंय, कडबा झाका’ असंच म्हणतात. घरी आभाळालाच आबाळ म्हणत असतील, तर पुस्तकातला शब्द वाचून मूल वर बघणारच.

उत्तर त्या ओळीतच आहे. आभाळ नपुंसकलिंगी: ते येतं, भरतं, फाटतं. आबाळ स्त्रीलिंगी: ती होते. ‘झाली’ आणि ‘जिवाची’ ही दोन्ही रूपं तिचीच. अडचण अशी की कविता आनंदकंद वृत्तात आहे, ‘गागालगा लगागा’ दोनदा (गा म्हणजे गुरू, लांब अक्षर; ल म्हणजे लघू, आखूड अक्षर), आणि सात अक्षरांनंतर थांबा येतो. ‘झाली’ थांब्याच्या अलीकडं राहते, ‘आबाळ’ पलीकडं जाते. मनातल्या मनात वाचणाऱ्याच्या हातून ही जोडी सुटते. म्हणून आधी गद्यासारखं मोठ्यानं म्हणून घ्या: ‘या जिवाची जगात आबाळ झाली नाही.’ दोनचार मुलांनी म्हटलं की आभाळ आपोआप बाजूला होतं. चाल त्यानंतर.

आता अर्थ. ‘दुर्लक्ष’ कुणीतरी करतं, मुलाकडं करतं. आबाळ मुलाची होते. खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची, आजारपणात बघण्याची. ती सोसणाऱ्याच्या बाजूनं सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी कुणी दोषी असतंच असं नाही. दिवसभर विड्या वळणारी आई पोराला आजीकडं ठेवते, तेव्हा ‘पोराची आबाळ नको’ एवढंच म्हणते. ‘उपेक्षा’ हा शब्द तिथं फार जड आणि परका वाटेल. तुमच्या वर्गात हे उदाहरण व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

कवितेतलं लेकरू तर आबाळ झालीच नाही म्हणतं. पोटाला मिळालं, कुणी टाकलं नाही. आणि लगेच पुढची ओळ: ‘तूझी उणीव चित्ती, आई, तरीहि जाची.’ जाची म्हणजे जाचते. माझ्या मते सगळा भार ‘तरीहि’वर आहे. ‘आई’पाशी थांबून मग ‘तरीहि’ म्हणायला सांगा. दोन्ही ओळी एका दमात म्हटल्या तर तक्रार नसलेल्या मुलाचं दुःख ऐकूच येत नाही.

‘तूझी’ची दुरुस्ती मात्र करू नका. वृत्ताला पहिलं अक्षर गुरू हवं म्हणून तिथं दीर्घ ‘तू’, आणि लघू हवं म्हणून पुढं ‘हि’ ऱ्हस्व. ‘छंदोरचना’ हा वृत्तांवरचा ग्रंथ लिहिणाऱ्या या कवीनं मात्रा मोजून ठेवल्यात. मुलांनाही टाळी देऊन त्या मोजू द्या.